टेकचंदनं बदललेला पासवर्ड

जवाहरनगरच्या फॅक्टरीतली टेकचंद सेलोकरची नोकरी सरत आली, तेव्हा जो तो विचारी, "आता काय, गावाले जाणार का?" टेकचंद हसून म्हणे, "जातो ना बाप्पा. क्वार्टर काही संगं नेता येत नाही." कोंढ्याला त्याच्या वाट्याचं घर होतं, थोडी धानाची जमीन होती. गावी जायला त्याची ना नव्हती. जिवावर येत होतं ते क्वार्टरची मागची खोली रिकामी करणं.

ती खोली हर्षाची. हर्षा ही त्याची एकुलती एक लेक. वर्षाची होत नाही तोच तिचे हातपाय सुजायला लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर सिकलसेल निघाला. मग नवराबायकोचं तपासलं, तर दोघांच्याही रक्तात तो अर्धा अर्धा दडलेला. त्यांना आयुष्यात कधी त्याचा त्रास झाला नव्हता. लेकीच्या वाट्याला मात्र दोन्ही अर्धे मिळून पूर्ण आला. दुसरं मूल होऊ द्यायचं नाही, हे दोघांनी तिथंच, दवाखान्याच्या बाकावर बसून ठरवलं. तेव्हापासून थंडी पडली की टेकचंदची बायको निर्मला रात्र रात्र लेकीचे हातपाय शेकत बसायची. पोरगी मात्र हिमतीची. रात्र कळवळून काढायची, रक्त चढवून यायची आणि जरा बरं वाटलं की दप्तर उचलून शाळेत.

लॉकडाऊन लागला तेव्हा ती भंडाऱ्याच्या कॉलेजात बीएस्सीला होती. टेकचंदनं तिच्यासाठी कॉम्प्युटर घेतला, त्याच्यावर कॅमेरा बसवला. स्वतःचे तास आटोपले की ती कॉलनीतल्या दहावीच्या पोरांसाठी गणिताचे व्हिडिओ करी. "हं, घ्या कागद. मी काढते तसं काढा," अशी तिची सुरुवात. मध्येच चुकली की स्वतःवरच खदखदून हसे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

पुढच्याच हिवाळ्यात दुखणं तिच्या छातीत उतरलं. तिला नागपूरला नेलं. तिथून ती परत आली ती अँब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत.

निर्मला सातवीपर्यंत शिकलेली. कॉम्प्युटरला तिनं कधी हात लावला नव्हता. पण लेकीनं एकदा गमतीगमतीत तिला पासवर्ड शिकवला होता, तेवढा तिच्या ध्यानात होता. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि ती एकेक अक्षर शोधत, एका बोटानं तो घालायला शिकली. सकाळी टेकचंद फॅक्टरीच्या बसमध्ये बसला की ती कॉम्प्युटरसमोर बसे. तो संध्याकाळी येई तेव्हाही ती तिथंच. चूल थंड, केसांना फणी नाही. पडद्यावरची हर्षा म्हणे, "समजलं ना?" आणि निर्मला उत्तर देई, "हाव बेटा, समजलं."

हाडांवर नुसती कातडी राहिली तिच्या. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण त्यांना त्यातून बाहेर काढा.

एका रविवारी ती आंघोळीला गेली असताना टेकचंदनं पासवर्ड बदलला. फॅक्टरीत त्याला शेवटी शेवटी स्टोअरमध्ये बसवलं होतं. तिथं दर थोड्या दिवसांनी पासवर्ड बदलावा लागे, म्हणून त्याला ते जमत होतं. मनात आलं ते एक नाव घातलं आणि तिला सुचू नये म्हणून पुढं मागं काहीबाही जोडलं.

ओल्या केसांनीच निर्मला खोलीत आली. एकदा घातला, दोनदा घातला.

"अजी, हे काहून उघडत नाही?"

"बिघडला असन. पाहू दे," टेकचंद म्हणाला. त्यानं थोडी खुटखुट केली, मग कॉम्प्युटर स्कूटरवर बांधला आणि भंडाऱ्याच्या रस्त्याला लागला. कुठल्याच दुकानात गेला नाही. रस्त्याकडेच्या एका टपरीवर दोन चहा घेतले, आणि परत फिरला.

"बनत नाही म्हणते. अंदरचं सगळं गेलं."

"सगळं?" निर्मलानं विचारलं. "हर्षाबी?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी ती जशी रडली, तशी अँब्युलन्स दारात आली तेव्हाही रडली नव्हती. पोरगी दुसऱ्यांदा गेली, असं शेजारच्या सुलोचनाबाई म्हणाल्या.

पण मग हळूहळू ती उठली. आधी चहा मांडला, मग भात. पुढं सुलोचनाबाईंच्या आग्रहानं भजनाला जायला लागली. अंगावर थोडं मांस आलं. लोक म्हणत, टेकचंदभाऊनं सांभाळलं बाई बायकोले. टेकचंद ऐकून घेई. कारण निर्मला भजनाला गेली की तो स्वतः मागच्या खोलीत शिरे, दार लोटून घेई, आवाज अगदी बारीक करी आणि लेकीला पाहत बसे. निर्मलाला बरं वाटावं म्हणून जे बंद केलं, ते त्यानं आपल्यापुरतं चालूच ठेवलं होतं. घरच्यांना उपाशी ठेवून बाहेर जेवून यावं, तशी लाज त्याला वाटे, आणि तरी तो बसेच.

पुढं त्याचंही बसणं कमी होत गेलं. कामं निघाली, गावचं घर दुरुस्तीला काढलं, दिवस गेले. मग हर्षाच्या वाढदिवसाला तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि बोटं जागच्या जागी थांबली. नाव आठवत होतं. त्याला पुढं मागं काय जोडलं होतं, ते आठवेना. हे करून पाहिलं, ते करून पाहिलं. मशीन म्हणालं, थोडा वेळ थांबा. तो थांबला. पुन्हा तेच. बाहेर फाटक वाजलं तसं त्यानं घाईनं कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि बाहेर येऊन तोंड धुतलं. अंदरचं सगळं गेलं, असं तो बायकोला सांगून बसला होता. आता ते खरंच गेलं होतं.

सामान बांधायचे दिवस आले. निर्मलानं कबाडीवाल्याला दारात बोलावलं. जुना कूलर दिला, फुटक्या बादल्या दिल्या, आणि मग म्हणाली, "अजी, तो डब्बाबी देऊन टाका. बंद डब्बा कायले न्यायचा गावाले?"

कबाडीवाल्यानं कॉम्प्युटर उचलून काट्यावर ठेवला. टेकचंद झपकन पुढं झाला आणि त्यानं त्याच्यावर दोन्ही हात ठेवले.

"देऊ नको. तो बिगडला नाही, निर्मला."

कबाडीवाला गेल्यावर पायरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. पासवर्ड, स्कूटर, चहाची टपरी. निर्मला ऐकत राहिली. मग तिनं एकच गोष्ट धरली.

"मी भजनाले जात होती, तवा तुमी पाहत होते?"

"पाहत होतो."

"एकटेच?"

निर्मला उठून आत गेली. पुढं कितीतरी दिवस ती त्याचं ताट पुढच्या खोलीत ठेवून जाई आणि स्वतः मागच्या खोलीत जेवे. एका सकाळी चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "उघडून आना. कसाबी."

टेकचंद जवळच्याच एका दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो काका. नवा कोरा होईल."

"अंदरचं राहीन ना?"

"नाही. ते सगळं पुसलं जाईल."

टेकचंदनं कॉम्प्युटर उचलला आणि मागं न पाहता बाहेर पडला. मग कोणीतरी भंडाऱ्यातल्या टीना नावाच्या बाईचा पत्ता दिला. ती घरातल्या पुढच्याच खोलीत दुरुस्तीचं काम करी. या वेळी निर्मलाही स्कूटरवर मागं बसली.

टीनानं सगळं ऐकून घेतलं. "पासवर्ड काढून टाकता येतो काका. पण इतके दिवस मशीन बंद होतं. अंदरचं किती टिकलं असन, ते उघडल्यावरच कळन." तिनं पेनड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळाली. दोघं नवराबायको प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, निकालाची वाट पाहत बसल्यासारखी.

"उघडला," टीना म्हणाली. "नवा पासवर्ड काय ठेवू?"

"काहीच नोको ठेवू," निर्मला म्हणाली. "कोनीबी उघडलं पायजे."

गणिताचे व्हिडिओ होते, नावं दिसत होती, पण बरेचसे लावले की पडदा काळाच राही. टीनानं एकामागून एक लावून पाहिले. "डिस्कचा हा भाग खराब झाला काकू. थोडं आधी आणलं असतं तर..." तिनं वाक्य अर्धं सोडलं. टेकचंदनं मान खाली घातली. निर्मलानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मग टीनाला आणखी एक फोल्डर सापडलं. हर्षानं चुकलेले व्हिडिओ तिथं टाकून ठेवले होते. ते या दोघांनी कधी पाहिलेच नव्हते, आणि ते धड होते. एक लावला. हर्षा वर्तुळ काढत होती. मागून आवाज आला, निर्मलाचाच, रागावलेला: "हर्षा, वडे थंडे होऊन राहिले. किती बलावू? त्या डब्ब्यातच जाऊन राह्य आता!" हर्षा कॅमेऱ्याकडं पाहून हसली, "आली वो आई," म्हणाली, आणि उठून गेली. कॅमेरा मात्र चालूच राहिला. रिकामी खुर्ची, भिंत, आणि दूरवर मायलेकींचं न समजणारं बोलणं.

निर्मलानं पदर तोंडावर धरला. टीना चहा सांगायच्या निमित्तानं आत गेली.

कोंढ्याच्या घरात कॉम्प्युटर आतल्या खोलीत मांडला आहे. निर्मला रोज बसत नाही. कधी दुपारी, कामं आटोपल्यावर, थोडा वेळ बसते आणि आपली आपण उठते. दार उघडंच असतं, पण टेकचंदला ती ये म्हणत नाही आणि तो विचारत नाही. तेवढा वेळ तो ओसरीवर बसतो. बाहेर ट्रॅक्टर गेला, कोंबड्या ओरडल्या, की आतलं बोलणं बुडून जातं. मग तो मान वाकडी करून कान देतो.

परवा निर्मला उठून दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आतूनच तिनं विचारलं, "आवाज येते का तिकडं?"

"थोडा थोडा येते."

ती परत आत गेली आणि आवाज वाढवला.