नियम क्रमांक बेचाळीस

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं म्हणजे आजही नाही. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी शिरला नाही. वडील बोदवडला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. ते म्हणायचे, आधी तपासायचं, मग मानायचं. त्या हमालीवर मी बी.एस्सी. कॉम्प्युटर झाले... घरातली पहिली पदवीधर. त्यामुळे खालचं सगळं तपासूनच लिहितेय.

मी जळगावात एका खासगी कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये आहे. खान्देशातल्या बऱ्याच दवाखान्यांचा डेटा आमच्या सर्व्हरवर असतो. इतके सर्व्हर माणसाच्या नजरेत मावत नाहीत, म्हणून पॉलिसी – म्हणजे नियम – लिहून ठेवायचे. भार वाढला की आणखी एक सर्व्हर चालू कर, एखादा तापला की त्याचं काम दुसऱ्याला दे. पुढचं सिस्टिम स्वतःच ठरवते, आपण फक्त नोंदी वाचायच्या.

माझ्याआधी हे सगळं आमच्या ऑफिसातले जुने ऑपरेटर, नाना, हाताने करायचे. रिटायर होऊन भडगावला जाताना त्यांनी आपली वही मला दिली. त्यात बेचाळीस गोष्टी होत्या. मी एक्केचाळीस सिस्टिममध्ये घातल्या. एक्केचाळिसावी अशी – तीस दिवस कोणी उघडला नाही तर सर्व्हर बॅकअपसकट पुसून रिकामा करायचा. आणि तिच्याखाली शेवटची – 'मालकाला विचारल्याशिवाय पुसू नये.' नाना खरंच एकेकाला फोन लावायचे, पोराबाळांची चौकशी करायचे, मग बटण दाबायचे. मला हसू यायचं. सिस्टिम कुठे फोन लावणार... मी ती सोडून दिली.

त्या गुरुवारी दुपारी तीनला आठ सर्व्हर पुसले जाणार होते. सात झाले. आठवा थांबला. नोंदीत इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ – 'नियम ४२ प्रमाणे थांबवले. मालकाला विचारलेले नाही.'

मी यादी उघडली. नियम एक्केचाळीसच. बेचाळिसावा कोणी घातल्याची नोंद नाही, काढल्याचीही नाही. नानांची वही माझ्या घरी कपाटात, ती दुसऱ्या कोणी पाहिलेलीसुद्धा नाही.

साहेब म्हणाले, "तूच लिहिला असशील, विसरलीस."

"मी लिहिलेलं विसरत नाही, सर."

"मग सिस्टिमला दृष्ट लागली म्हण," असं म्हणून ते चहाला गेले.

नानांचा पासवर्ड ते रिटायर झाले त्याच दिवशी मी स्वतः बंद केला होता. तरी त्यांना फोन लावला.

"नाना, तुम्ही इकडे काही केलं का?"

"मी आठे भडगावले शे माय, केळीमा उभा शे. माले काय माहीत?" मग त्यांनीच विचारलं, "बठ्ठा नियम लिखात ना तू?"

"सगळे लिहिले, फक्त एक सोडला."

"कोणता, ते माले सांगू नको," नाना म्हणाले. "त्या मालकले फोन लाव पहिले."

आठवा सर्व्हर साक्रीच्या एका डॉक्टर मॅडमचा होता. त्यांचा पाय मोडला होता, म्हणून महिनाभर दवाखाना बंद. पाड्यापाड्यांवर फिरून त्यांनी पोरांचं रक्त तपासलं होतं. कुणाला सिकलसेल आहे, कुणाला कोणतं औषध चालत नाही, सगळं त्या एकाच जागी. काय होणार होतं ते मी फोनवर सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "त्या पोरांना मी पुन्हा कुठे शोधलं असतं? निम्मी तर आई-बापासोबत ऊसतोडीला गेलीत."

मग ज्यांचं पुसलं गेलं होतं, त्या सातही मालकांना भीत भीत फोन लावले. सगळे म्हणाले, जाऊ द्या, ते नकोच होतं. म्हणजे विचारायचं राहिलं होतं आठांना... थांबला फक्त तोच, जो थांबायला हवा होता.

कंपनीच्या मोठ्या इंजिनिअरांनी दोन दिवस सगळं उकरलं. काही सापडलं नाही.

चूक माझी होती, ती मी लेखी मान्य केली. नानांची शेवटची गोष्ट यादीत घालायला बसले – पुसण्याआधी सिस्टिमने थांबायचं, मी फोन लावायचा. क्रमांक टाकला बेचाळीस. स्क्रीनवर आलं, हा क्रमांक आधीच वापरात आहे. मी यादी पुन्हा मोजली. एक्केचाळीसच.

शेवटी त्रेचाळीस टाकला, तो लगेच घेतला. आता दर गुरुवारी सकाळी मी फोन लावत बसते, पोराबाळांची चौकशीही होते. हे कशामुळे झालं ते मला अजून सापडलेलं नाही, शोधणं चालू आहे. पण सापडेपर्यंत बेचाळीसला हात लावायचा नाही, एवढं ठरवलंय.