डोकं नसलेला मासा

अंधेरीच्या आमच्या गॅलरीत रविवारी सकाळी मी मटार सोलत बसायचे आणि शेजारी दादा सुईनं दगड टोकरत असायचा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

दादा जिऑलॉजीत एम.एस्सी. करत होता. सिरोंच्याच्या फील्ड ट्रिपहून त्यानं वीतभर चुनखडीचा दगड आणला होता, त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा मासा. खवले काळे, चकचकीत. आई म्हणायची, "मेल्या, वर्सोव्याला फडफडीत मासळी मिळते, आणि तू इतक्या लांबून शिळा मासा आणलास!"

सुईनं भागेना, तेव्हा तो दगड एका टबात पातळ अ‍ॅसिडमध्ये ठेवू लागला. चुनखडी विरघळते, हाडं राहतात. पण उघडी पडलेली हाडं फार नाजूक... सारखी बाहेर काढून, धुऊन, सुकवून त्यांना गोंद लावावा लागतो.

एके दिवशी डोकं दिसू लागलं. डोळ्याची खोबण, दातांची बारीक रांग. दादानं वहीत भराभर चित्र काढलं आणि गाईडना सांगायला कॉलेजात पळाला. जाताना म्हणाला, "बारा वाजता बाहेर काढ गं. विसरू नकोस हां."

मी विसरले नाही. बारा वाजता पाहिलं, तर इतकं सुंदर दिसत होतं... वाटलं, राहू दे अजून थोडं. दादा येईपर्यंत पूर्ण मोकळं होईल, खूश होईल.

संध्याकाळी त्यानं दगड उचलला. डोकं टबातच राहिलं... चुरा होऊन.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आईनं विचारलं तेव्हा म्हणाला, "माझंच चुकलं गं." गाईडनाही तेच सांगितलं. डोक्याशिवाय माशाची जात ठरेना, आणि नुसत्या चित्रावर कोण विश्वास ठेवणार? "काय रे, तुझ्या मनातला मासा कसा आहे?" असं मित्र चिडवायचे. पुढे त्यानं रिसर्च सोडला, बँकेत लागला. मी गप्पच राहिले... इतकी वर्षं.

मागच्या महिन्यात दादा गेला.

समीर, तुझ्या बाबांचा दगड आणि ती वही कॉलेजच्या म्युझियमला दे. दोन्ही एकत्रच. सुटे झालेले खवले मी एका बाटलीत जपलेत, ते तुझ्या लेकीला. आणि पाकिटात माझ्या सहीची चिठ्ठी आहे, ती दगडाशेजारी लावायला सांग. त्यात लिहिलंय की डोकं होतं, मी पाहिलं होतं, आणि ते माझ्या हातून गेलं.