खाटेखालचे बूट

तो दुपारचा फोटो मी अजून विसरलेलो नाही. खरं तर हे प्रकरण माझ्या वर्दीतलं नाही. पोलिसातून निवृत्त झाल्यावर धाराशिवमधल्या सुरक्षारक्षकांनी मला त्यांच्या संघटनेचा प्रतिनिधी केलं. मलाही घरी रिकामं बसणं मानवत नव्हतंच.

एका सूतगिरणीतल्या रक्षकाला ड्युटीवर झोपला म्हणून काढून टाकलं होतं. सगळ्या कामगारांसमोर गेटवर आदेश वाचला गेला. पुरावा म्हणजे सुपरवायझरनं काढलेला अष्टमीच्या दुपारचा फोटो. तो मॅनेजरशिवाय कोणी पाहिला नव्हता, मी मागून घेतला. डोक्यावरून चादर ओढून खाटेवर झोपलेला माणूस आणि खाटेखाली बूट. रक्षक "मी झोपलो न्हाय" एवढंच म्हणे. माणूस बोलत नसेल तर त्याचं घर बघावं, हा माझा जुना नियम. मी मुरुमला त्याच्या घरी गेलो आणि फोटो पुढं ठेवला.

त्याची बायको उसळली. "नवरात्रात हे खाटंला पाठ टेकवत न्हाईत, पायात काय घालत न्हाईत. आन् हे बूट कुणाचं?"

"गप गं!" तो खेकसला.

मी वैतागलो. "अहो, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"देवीचं नाव फुडं करून नोकरी मागू व्हय, साहेब?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसमोर सुपरवायझरला बसवलं. गडी बाहेरगावचा, गिरणीत नुकताच लागलेला.

"झोपलेल्याला उठवलंत?"

"नाही."

"बूट त्याचेच?"

"त्याचेच. गेटवर रोज तेच घालून उभा असतो."

खोटं बोलणारा एक वाक्य जास्त बोलतो. "नवरात्रभर तो गेटवर अनवाणी होता. बोलवू कामगारांना?" मी विचारलं. त्यानं सगळं कबूल केलं. त्याला स्वतःच्या मेहुण्याला त्या जागेवर लावायचं होतं. चादरीखाली मेहुणाच होता.

मॅनेजरनं बाहेर थांबलेल्या रक्षकाला आत बोलावलं. म्हणाला, "झालं गेलं विसरा. उद्यापासून कामावर या."

तो हलला नाही. "गेटवर वाचलं, गेटवरच मागं घ्या."

मॅनेजरनं माझ्याकडं पाहिलं. मी उठून दार उघडलं. पाळी सुटताना, सगळ्यांसमोर, मॅनेजरनं गेटवर आदेश मागं घेतला. रक्षकाचे डोळे भरले होते. मला त्याचा फार अभिमान वाटला.

आता तक्रार घेऊन कोणी आलं, की काय झालं हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, कोणासमोर झालं?