शिंकेची दुरुस्ती

माझी पहिली गोष्ट यांच्या नावावर छापून आली. हे धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवत. दुपारी काम आवरलं की मी यांची पुस्तकं वाचत बसे, कळेल तेवढं कळे. आवाज म्हणजे हवेतल्या लाटा, असं एकात वाचलं आणि मनात आलं, या लाटा पुढे जातात कुठे? त्यातून गोष्ट सुचली. तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मी ती चार दुपारींत लिहून काढली.

गोष्टीत एक ठग होता. तो पितळी पेटी आणि कर्णा घेऊन गावात येतो. सांगतो, माणूस मेलं तरी त्याचं बोलणं हवेत राहतं, माझं यंत्र ते पकडतं. लोक कर्ण्याला कान लावतात आणि त्यांचे पितर खरंच बोलायला लागतात. बोलत असतो तो ठगाचा साथीदार, भिंतीपलीकडे कडब्याच्या खोलीत बसून, बांबूच्या नळीतून. शेवटी कडब्याची धूळ नाकात जाते आणि गावातले सगळे पितर एकामागून एक शिंकू लागतात. ठग म्हणतो, "वर पडशाची साथ आहे." गावकरी पितरांसाठी सुंठीचा काढा घेऊन येतात, तो ठेवायला जागा शोधताना कडब्याची खोली उघडतात, आणि दोघं पकडले जातात.

हे म्हणाले, "माझ्या नावाने पाठव. शास्त्राचा मास्तर म्हटलं की संपादक घेतील." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. यांनी पाकिटावर पत्ता घातला. गोष्ट मात्र वाचली नाही. वेळ मिळाला नाही, एवढंच.

मासिक आलं आणि यांना रस्त्यात लोक थांबवू लागले. वाचनालयातले म्हातारे यांना पाहून खोटं खोटं शिंकत. हे गोंधळून घरी येत आणि विचारत, "अगं, मला बघून सगळे का शिंकतात?" शेजारच्या वकिलांचं म्हणणं पडलं की ठगावर रीतसर खटला दाखवायला हवा होता. जळगावच्या काही विद्यार्थ्यांनी लिहिलं, ठगाला सोडवा, तो आम्हाला फार आवडला. यावलहून एक कार्ड आलं, त्यात विचारलं होतं की परगावी गेलेल्या जिवंत माणसाचा आवाज त्या पेटीत येईल का. हसावं की उत्तर द्यावं, मला कळेना. ते कार्ड मी बरेच दिवस फडताळात ठेवलं होतं.

मग एका रविवारी सकाळी दारात एक म्हातारा उभा राहिला. स्वच्छ पागोटं, हातात काठी. दोंडाईच्याहून सर्व्हिस मोटारीने आलो म्हणाला. यांनी त्याला ओसरीवर बसवलं. मी आत भाकरी थापत होते.

"मास्तरसाहेब, ती पेटीनी गोट तुमीच लिखी का?"

"हो," हे म्हणाले.

"बठ्ठं खरं शे. फक्त शिंक खोटी शे. मी आकरा साल कडब्यामा बसनू, पन एकदाबी शिंकनू नही."

माझा हात परातीतच राहिला. हे काहीतरी पुटपुटले. म्हातारा शांतपणे सांगत होता. त्याचा भाचा शाळेत जातो, त्याने गोष्ट वाचून दाखवली. पेटीवाला त्याचा जोडीदार होता, तो वारला. बोलता बोलता म्हाताऱ्याने गोष्टीतल्या बैलाचं कौतुक केलं. हे म्हणाले, "हो, तो बैल चांगला जमलाय." माझ्या गोष्टीत बैल नव्हता.

मला राहवलं नाही. दाराआडून मी विचारलं, "मग तुम्ही पकडले कसे गेलात?"

म्हाताऱ्याने मान वळवली. "गोट या अक्कानी शे," तो यांना म्हणाला. "मी बैलनं नाव काढं, तुमी मान हालाई. गोटमा बैल शेच नही."

हे लाल झाले, मग हसले. "खरं आहे. तिचीच आहे," म्हणाले आणि मला बाहेर बोलावलं. पिठाच्या हातांनी मी उंबऱ्याशी येऊन बसले.

"आमले कोनी धरंच नही, अक्का," तो म्हणाला.

धंदा थांबला तो वेगळ्याच कारणाने. एका गावी एक विधवा बाई आली. त्याने नेहमीप्रमाणे तिच्या नवऱ्याचा आवाज काढला. तिने थोडा वेळ ऐकलं आणि कर्ण्यात तोंड घालून हळूच म्हणाली, "हाऊ त्याना आवाज नही. पन तू बोल." ती रोज येऊ लागली. घरच्या गोष्टी सांगे, आणि तो भिंतीपलीकडून हूं हूं करे. पाचव्या दिवशी त्याच्या तोंडून आवाजच फुटेना. जोडीदार चिडला, तरी फुटेना. ते गाव सोडलं, त्यानंतर तो पुन्हा कधी कडब्यात बसला नाही.

"तुमले हाई कोनी सांगं?" त्याने मला विचारलं.

कुणीच नाही, मी म्हटलं. मी मनाने रचलं. त्याला ते पटलं नाही, आणि त्याच्यासमोर बसल्यावर मलाही पटेना. माझं माहेर दोंडाईच्यापासून फार लांब नाही. पुढे मी आईला विचारलं, लहानपणी आपल्याकडे अशी पेटी आली होती का? ती म्हणाली, "पेट्या खूप येत. कोणती म्हणतेस?" तो तरी खरं बोलत होता का, हेही मला ठरवता आलेलं नाही. त्याने मागितलं काहीच नाही. भाकरी खाल्ली आणि एवढंच म्हणाला की शिंकेची दुरुस्ती छापा, त्या शिंकेत आपल्या कामाची नाचक्की आहे.

दुरुस्ती मी लिहिली. हे म्हणाले, "आता तुझ्या नावाने पाठव." पुढच्या अंकात माझ्या नावाखाली एक ओळ आली: सदर कथेतील साथीदार शिंकला नव्हता.

त्यावरून वेगळाच घोळ झाला. मास्तरांच्या बायकोला मास्तरांची गोष्ट मान्य नाही, असा लोकांनी अर्थ लावला. वाचनालयात यांचं सांत्वन झालं. मुख्याध्यापकांनी यांना बाजूला घेऊन विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" गोष्ट माझ्या बायकोचीच आहे, असं हे ज्याला त्याला सांगू लागले. लोक म्हणाले, काय विनय आहे!

वर्षभराने माझी दुसरी गोष्ट आली, माझ्याच नावाने. तिच्यावर एकच पत्र आलं. बाईंचा प्रयत्न बरा आहे, असं त्यात होतं, पण मास्तरांच्या विनोदाची सर नाही. हे ते पत्र वाचून इतके संतापले की त्यांनी त्याच रात्री माझी पहिली गोष्ट काढली आणि बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मध्ये दोनदा मोठ्याने हसले. मी विचारलं, कुठे हसलात? हे म्हणाले, "थांब, वाचू दे."