आमच्या खाटेवर झोपलेला आर्किटेक्ट

आर्किटेक्ट म्हणजे नकाशावर सही करून शिक्का मारणारा माणूस, अशी माझी पक्की समजूत होती. एका सकाळी तो माणूस माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याच्या खाटेवर आडवा झाला, आणि माझी समजूत तिथेच उताणी पडली. आडवा म्हणजे अगदी रीतसर. चपला दाराबाहेर, चष्मा उशाशी, तोंडावर रुमाल. नवरा गावाला गेलेला, घरात मी, सासूबाई आणि मुलं. मी हातातलं चहाचं भांडं तसंच धरून उभी.

सासूबाईंची अहिराणी एरवी सिल्वासात आल्यापासून झाकून ठेवलेली असायची, घाबरल्या की बाहेर पडायची. त्या कुजबुजल्या, "माय वं! हाऊ काय करी राह्यना?"

हा काय करतोय ते मला तरी काय ठाऊक होतं?

नव्वद सालच्या आगेमागची ही गोष्ट. धुळ्याकडून आम्ही कारखान्याच्या नोकरीसाठी आलो आणि सिल्वासाच्या आमली भागातल्या पत्र्याच्या चाळीत दोन खोल्या घेऊन राहिलो. आमचे हे धाग्याच्या कारखान्यात, आणि त्यांना कायमची नाईट लागलेली. सकाळी आठला घरी यायचे, दोन घास खायचे आणि झोपायचे. निदान झोपायला जायचे. खरी झोप किती लागायची ते त्यांच्या लाल डोळ्यांनाच माहीत.

एकदा ते सकाळी घरी आले, तर शर्टाला एक बाहीच नाही. "खिळ्यात अडकली," म्हणाले. मी काटकसरी बाई. दुसरी बाहीही कापली, कडेला दुमड घातली, झकास हाफ शर्ट तयार केला आणि स्वतःच्या हुशारीवर चार दिवस खूश होते. पाचव्या दिवशी त्यांच्याबरोबर काम करणारे एक भाऊ भाजीच्या गाडीपाशी भेटले.

"वहिनी, देवाची कृपा म्हणा. बाहीवर निभावलं. उभ्या उभ्या डोळा लागला होता त्यांचा, मशीननं हात ओढत नेला असता. सुपरवायझरनं सांगून ठेवलंय, परत झोपताना दिसलास तर घरी बस."

मी भाजी न घेताच वळले. घरी आले तर तो हाफ शर्ट दोरीवर वाळत होता. त्याच्याकडे मला बघवेना.

जवळच डोकमर्डीत आम्ही जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. त्या दिवसापासून मी घराच्या मागे लागले. माझा हिशेब सरळ होता: मोठं घर, मोठी खिडकी, भरपूर हवा, म्हणजे झोप. मिस्त्रीनं नकाशा काढून दिला. पुढे रस्त्याला लागून भला मोठा हॉल, त्याच्या शेजारी तितक्याच मोठ्या खिडकीची बेडरूम, आणि स्वयंपाकघर मागे, लपवून. राहिली होती फक्त सही. ती घ्यायला वापीच्या एका आर्किटेक्टना बोलावलं. स्कूटरवर आले. पिकल्या मिशा, शांत माणूस. मराठी बोलत, पण मध्येच गुजराती डोकावायची.

नकाशा त्यांनी बराच वेळ पाहिला. मला वाटलं, पेन शोधत असतील.

"बेन, या बेडरूममध्ये रात्री कोण झोपणार?"

"रात्री कुणी नाही. यांना नाईट असते ना. हे दिवसा झोपतात."

"आणि तुम्ही, मुलं, आजी?"

"आम्ही हॉलमध्ये अंथरतो."

"म्हणजे ही खोली दिवसा झोपायची. आणि रस्त्यावर. ट्रकच्या शेजारी." त्यांनी नकाशा घडी घालून पिशवीत टाकला. सही नाहीच. "आता भाई कुठे झोपतात?"

मी आतल्या खोलीतली खाट दाखवली, हे गावाला गेलेत म्हणून सांगितलं.

"ते गावाला गेले ते बरंच झालं. त्यांची जागा मला एक कलाक, एक तास द्या. मी त्यांच्यासारखा झोपतो. तुम्ही रोजच्यासारखं चालू ठेवा. मी नाही असं समजा."

मी नाही असं समजा! परका पुरुष आतल्या खोलीत रुमालाखाली पडलेला, आणि मी तो नाही असं समजू?

सासूबाईंनी प्रसंग ओळखला. घराचं दार सताड उघडलं आणि स्वतः उंबऱ्यात ठाण मांडून बसल्या, सगळ्या चाळीला दिसेल अशा. पंपावरून कळशी घेऊन जाणाऱ्या शेजारणीनं आत डोकावून पाहिलंच.

"काय आजी, भाऊ तर गावाला गेलेत ना? मग खाटेवर कोण?"

"इंजिनेर आहे. घराचं माप घेतो."

"झोपून?"

"लांबीचं माप झोपूनच घेतात," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. शेजारीण गेली, पण तिची कळशी घरी न जाता थेट दुसऱ्या शेजारणीच्या दारात थांबली, हे मी खिडकीतून पाहिलं.

मी रोजच्यासारखी कामाला लागले. कुकर लावला. मुलं सुट्टीमुळे घरातच होती, गोट्यांवरून भांडली. पत्र्यावर कावळे नाचले, पलीकडचा रेडिओ लागला, रस्त्यावरून ट्रक गेले. मी मात्र दक्ष. यांच्या झोपेसाठी मी किती जपते ते आता या माणसाला कळेलच, असं मनात. मला वाटलं, उठून म्हणतील, बेन, तुमच्यासारखी बाई पाहिली नाही.

ते उठले, चष्मा लावला आणि पाणी मागितलं. मी विचारलं, "खूप आवाज आहे ना हो चाळीत?"

"आहे. ट्रक आहे, पंप आहे, रेडिओ आहे. पण ते चालूच असतात. थोड्या वेळानं कान त्यांना सोडून देतो. मला तर डुलकीही लागत होती. पण एका आवाजानं दर वेळी उठवलं."

"कुठला?"

ते जरा संकोचले. मग ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "श्शऽऽ."

मला कळेना.

"तुम्ही, बेन. मुलं बोलली की श्शऽऽ. भांडं पडलं की श्शऽऽ. आजी खोकल्या की त्यांनाही श्शऽऽ. शेवटी तर मी झोप सोडून पुढच्या श्शऽऽची वाट बघत होतो."

उंबऱ्यातून खुसखुस ऐकू आली. सासूबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. माझे कान तापले. इतकी वर्षं मी दिवसभर पहारा दिला होता, मुलांना हसू दिलं नव्हतं, सासूला खोकू दिलं नव्हतं, आणि या घरात सगळ्यात मोठा आवाज माझा? आणि यांचा हात मशीनकडे ओढला जात होता तो माझ्या पहाऱ्यामुळे?

"घाबरू नका," ते म्हणाले. "तुमचा दोष नाही. पातळ भिंतीच्या अलीकडे मुलं आणि पलीकडे झोपणारा माणूस असला की कुणीही तेच करेल. घर असं करू की तुम्हाला श्शऽऽ करायची गरजच पडणार नाही. तोवर आजपासून बंद करून बघा."

हे गावाहून आले. दुसऱ्या दिवशी नाईट करून झोपले आणि मी तोंडात पदराचा बोळा धरून स्वयंपाक केला. मुलं आधी बावचळली, मग रंगात आली. एक ताट पडलं, गरगर फिरलं, मी गप्प. थोड्याच वेळात हे धडपडत बाहेर आले, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? कुणाला काय झालं?"

"कुठे काय?"

"मग तू गप्प का?"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि मी सवयीनं त्यांना श्शऽऽ केलंच.

पंधरवड्यानं आर्किटेक्टनी आपला नकाशा आणला. तो पाहून आम्ही नव्यानं हबकलो. हॉल गायब. रस्त्याच्या बाजूला स्वयंपाकघर आणि त्याला लागून छपराचा मोठा ओटा, मुलांसाठी. झोपायची खोली एकदम मागे. तिच्या एका अंगाला कोठीची खोली, दुसऱ्या अंगाला भिंतभर गोधड्यांचं कपाट, मागची भिंत दुप्पट जाड. आणि खिडकी नाही! नुसता वर एक झरोका, तोही वाकडा, हवा आत यावी पण ऊन येऊ नये म्हणून.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, ही काय खोली आहे? ही कांद्याची वखार आहे."

सासूबाईंना वेगळीच काळजी. "पाहुणा आला की पहिल्यांदा आमची खरकटी भांडी बघणार?"

आर्किटेक्ट म्हणाले, "आजी, पाहुणे वर्षातून किती वेळा येतात? आणि तुमचा मुलगा झोपतो किती वेळा?"

यांनी दोरीवरचा तो हाफ शर्ट काढून अंगात घातला. मी म्हणाले, "वखार तर वखार. बांधा."

डोकमर्डीच्या घरात पहिल्यांदा नाईट करून आले तेव्हा हे त्या खोलीत गेले आणि दार लागलं. मी पुढे स्वयंपाकाला बसले. कुकरनं शिट्ट्या मारल्या, मुलांनी ओट्यावर क्रिकेट मांडलं, मिस्त्री उरलेलं लोखंड न्यायला आला आणि ते दाणदाण आपटून गेला. जेवायची वेळ टळली. चहाची टळली. ऊन कलायला लागलं. आत काहीच हालचाल नाही. शेवटी मी उठले. दार ढकललं तर काळोख. मी श्वास रोखून ऐकलं. त्यांचा श्वास चालू होता, संथ, लांब. असा मी लग्नानंतर ऐकलाच नव्हता.

पण कारखान्याची गाडी यायची वेळ झालेली.

"अहो. अहो, ऐकलं का?" काही नाही. खांदा हलवला. कूस बदलली, बस. मुलांनी दारात येऊन "बाबा!" म्हणून आरोळी ठोकली. काही नाही.

बाहेरून सासूबाई ओरडल्या, "पोरी, त्या बापड्याला एकच भाषा कळते. तीच बोल."

मी वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "श्शऽऽ."

ताडकन उठून बसले. अंधारात इकडे तिकडे चाचपडले.

"काय झालं?"

"गाडी येईल. संध्याकाळ झालीये."

त्यांना पटेना. दारातून येणाऱ्या तिरप्या उन्हाकडे बघत राहिले आणि मला विचारलं, "मी झोपलो होतो?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दारामागच्या खुंटीवर नवा पूर्ण बाहीचा शर्ट होता. तो त्यांनी चढवला, कामासाठी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडल्या आणि गेले. मी ओट्यावर उभी राहून गाडी वळेपर्यंत खिडकीबाहेर काढलेला त्यांचा हात बघत होते.