पेंटरभाऊंची बोडी

पेंटरभाऊ पडद्यावर चार फटकारे मारत आणि पडद्याकडे तोंड ठेवूनच उलटे चालू लागत. धानाच्या गिरणीचं पटांगण ओलांडून पार कुंपणापर्यंत. वाटेत बैल बसलेला असो की धान वाळत घातलेलं असो, मागे वळून पाहणं नाही. कुंपणाला पाठ टेकली की डोळे बारीक करून पाहायचे, मग भराभर परत येऊन पुढचा फटकारा मारायचे.

ऐंशीच्या दशकातलं वडसा. दिवाळीनंतर गावोगाव झाडीपट्टीची नाटकं सुरू व्हायची आणि त्यांच्या पडद्यांवरचे राजवाडे, जंगलं, झोपड्या पेंटरभाऊंच्या हातच्या असायच्या. मी नागपूरहून चित्रकला शिकून इथल्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. पडद्यांवर आपलं नाव का घालत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं.

"राजाच्या महालावर माहं नाव कसं लिहू?" ते म्हणाले. "लोक म्हणतील, महाल याचाच हाय."

त्या वर्षी गावात कलामेळावा भरला. दुपारच्या परिसंवादाचा विषय होता, झाडीपट्टीचं नाटक ही कला की करमणूक. शिकलेली म्हणून मलाही बोलावलं. कलेला कलावंताची स्वतःची दृष्टी लागते, आपल्याकडचे रंगवलेले पडदे ही नुसती कारागिरी आहे, असं मी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. खाली उतरताना सतरंजीच्या टोकाला पेंटरभाऊ बसलेले दिसले. तेही टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ते शाळेत आले. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"मॅडम, पाणी मले जमून नाई राह्यलं," ते म्हणाले. "तुम्ही शिकून आल्या. एक बोडी काढून द्या."

बोडी म्हणजे आमच्या भागातलं लहानसं तळं. त्यांच्या चेहऱ्यावर मी उपरोध शोधला, तो सापडला नाही.

शाळा सुटल्यावर गिरणीत जाऊन, चार दिवस खपून मी त्यांच्या पडद्यावर पाणी रंगवलं. निळ्याच्या किती छटा, कमळाच्या पानांखालच्या सावल्या. पाचव्या दिवशी पेंटरभाऊ मला कुंपणापाशी घेऊन गेले. तिथून माझी बोडी म्हणजे मळकट डाग दिसत होता.

"नाटकाले पार मागं, इथी बसणाऱ्या बाईलेबी पाणी दिसलं पाह्यजे ना," ते हळूच म्हणाले. मग मला विचारून त्यांनी पाण्यावर पांढऱ्या रंगाचे तीन आडवे फटकारे ओढले. पाणी हललं.

मासे विकून परतणारी एक म्हातारी कुंपणाबाहेर थांबली होती. तिनं टोपली खाली ठेवली आणि पडद्याकडे बघत राहिली. बराच वेळ झाला तशी मी जवळ जाऊन काय झालं ते विचारलं.

"माह्या माहेरची बोडी हाय ही," ती म्हणाली. "मायबाप गेल्यापासून तिकडं जाणंच नाई झालं."

पेंटरभाऊंनी तिला तांब्याभर पाणी आणून दिलं आणि ते आपल्या कामाला लागले. मी मात्र भाषणातलं एकेक वाक्य आठवत तिथंच उभी राहिले.

हंगाम संपल्यावर तो पडदा ठेवून द्या म्हणून मी त्यांना विनवलं. पण सरस घालून कालवलेले ते रंग पाण्यानं सुटत, आणि नवे देखावे काढायला ते दरवर्षी सगळे पडदे धुऊन घेत. बोडीही धुतली. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. "जिनं पाह्याचं तिनं पाह्यलं," एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढं माझी अहेरीला बदली झाली. दोन वर्षांनी पेंटरभाऊ गेल्याचं पत्र आलं. मी वडशाला गेले, त्यांच्या पत्नीला, वहिनींना, जयभीम केला आणि शेजारी बसले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. तुम्हीच त्यांचं चित्र काढून द्या, असं वहिनी म्हणाल्या. आठवून आठवून मी काढलं: बसकं नाक, कानावरची विडी, पिकलेल्या भुवया. वहिनींनी कागद उजेडाकडे धरला.

"चेहरा त्यायचाच हाय," त्या म्हणाल्या. "पण हे कोणाकडं पाहून नाई राह्यले."

तरी त्यांनी ते भिंतीवर लावलं. त्यानंतर कितीदा तरी मी पेंटरभाऊंचं चित्र काढायला घेतलं आहे. डोळ्यांशी येऊन हात थांबतो.