चिंचेने घासलेले सापळे

किस्से आणि गंज यांचं एक बरं असतं. दोघांसाठी मुद्दाम काही करावं लागत नाही. वस्तू नुसती अंगणात टांगून आपल्या कामाला लागायचं. आठ दिवसांनी बघावं तर चढलेला! जर्मनीत गार्चिंगला आम्ही राहत होतो त्या घरावर असे इतके किस्से चढले, की अजूनही चार ओळखीची माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "वहिनी, ते सापळ्यांचं सांगा ना." मग मी सांगते. आमचे हे शेजारी बसून दर वाक्याला "असं काही झालं नव्हतं" म्हणतात, पण उठून मात्र जात नाहीत.

* * *

साठ सालानंतरची गोष्ट. गार्चिंग तेव्हा खेडंच होतं. एका बाजूला नवी संशोधन संस्था, दुसऱ्या बाजूला बीटाची शेतं आणि गाई. हे त्या संस्थेत डॉक्टरेट करत होते. आम्ही हेर, म्हणजे श्रीयुत, आइग्नर नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो. आमच्या डोक्यावर, माळ्याच्या खोलीत, यांच्याच प्रयोगशाळेतले नाडकर्णी. लग्न व्हायचं होतं, त्यामुळे जेवायला आमच्याकडे आणि चेष्टा करायलाही आमच्याकडेच.

गावातल्या ओढ्याला बीझामचा फार त्रास होता. बीझाम म्हणजे पाण्यात राहणारा दांडगा उंदीर, आपल्या घुशीहून थोरला. अंगावर दाट, मऊ फर. तो ओढ्याच्या काठात बिळं करतो, मग काठ खचतो आणि पाणी शेतात शिरतं. म्हणून गावची पाणी-समिती एका माणसाला तो पकडायचा हक्क देते. कातडी फरवाल्याकडे जातात. तीस वर्षं हा हक्क हेर आइग्नरांकडे होता. त्या ऑगस्टमध्ये ते गवताच्या माळ्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडून बसले.

समितीचे प्रमुख घरी येऊन सांगून गेले, "नोव्हेंबर लागायच्या आत तुमच्यातर्फे कोणीतरी स्वतः तयार केलेल्या सापळ्यात माझ्या देखत एक तरी बीझाम दाखवा. नाहीतर ओढा शेजारच्या गावच्या माणसाकडे."

आइग्नरांचे दोन्ही मुलगे लढाईत गेलेले. फ्राऊ आइग्नर, म्हणजे आइग्नरबाई, जिन्यात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. ते बघून हे म्हणाले, "मी करतो."

स्वयंपाकघरात झुरळ निघालं तर खुर्चीवर चढून मला हाक मारणारा हा माणूस! नाडकर्णी म्हणाले, "वहिनी, काळजी नको. बीझाम हसून हसूनच मरेल."

* * *

बारा नवे कोरे पोलादी सापळे आले. आइग्नरांचा नियम असा, की ज्याने सापळा लावायचा त्यानेच तो तयार करायचा. नव्या सापळ्याला कारखान्याचं तेल असतं, आणि त्याच्या वासाने जनावर जवळ येत नाही. म्हणून आधी राखेच्या पाण्यात उकळून तेल काढायचं, मग आठ दिवस बाहेर टांगून हलका गंज चढू द्यायचा. गंज चढला की त्यावर रंग आणि मेण धरतं.

हे सगळं यांना सांगितलं होतं, मला नव्हतं. यांनी सापळे उकळले, अंगणातल्या तारेवर टांगले आणि संस्थेत निघून गेले. मला रोज खिडकीतून ते गंजकं लोखंड दिसे आणि रोज लाज वाटे. परक्याच्या घरी राहतो आपण, वस्तूंची अशी आबाळ! आठव्या दिवशी राहवलं नाही. सासूबाईंनी बोटीने पाठवलेल्या चिंचेतला मोठा गोळा भिजवला, राख घेतली आणि दुपारभर बसून बाराच्या बारा सापळे घासले. देवाची भांडीसुद्धा इतकी लखलखीत नसतील!

संध्याकाळी हे आले आणि तारेपाशी उभेच राहिले. कुबड्या टेकत आइग्नर बाहेर आले. त्यांनी एक सापळा निरखला.

"सुंदर," ते म्हणाले. "बीझाम येईल, यात तोंड बघेल, मिशा सारख्या करेल आणि घरी जाईल."

आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून. मी दोन दिवस खाली उतरले नाही. तिसऱ्या दिवशी दार वाजलं. फ्राऊ आइग्नर होत्या, पदरासारख्या धरलेल्या अ‍ॅप्रनमध्ये तांब्याची पातेली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, "फ्राऊ दामले, ते तपकिरी, आंबट... अजून आहे का थोडं?"

* * *

गंजानंतर रंग. अक्रोडाची हिरवी सालं पाण्यात टाकून त्यात सापळे तासभर उकळायचे, की पोलाद छान काळंतपकिरी होतं. अंगणातल्या धुण्याच्या खोलीत कपडे उकळायची मोठी कढई होती, तीच यांनी वापरली. नंतर धुतलीही. म्हणजे यांच्या मते धुतली.

दुसऱ्या दिवशी नाडकर्णींनी तिच्यात आपला एकुलता एक चांगला पांढरा शर्ट उकळला. दोन दिवसांनी त्यांचं प्रोफेसरांपुढे व्याख्यान होतं. शर्ट बाहेर आला तो दुधाच्या चहासारखा!

"दामले, हे काय केलंत?"

"बघा," हे शांतपणे म्हणाले, "आता तुम्ही ओढ्याकाठी उभे राहिलात तर कोणालाही दिसणार नाही."

दुसरा शर्ट नव्हता, तोच घालून गेले. परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. मी विचारलं, "भाऊजी, व्याख्यान बिघडलं का?"

"व्याख्यानाबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही, वहिनी. प्रोफेसरांनी एकच विचारलं, शर्ट कुठून घेतला!"

* * *

मग मेण. पाणी उकळायचं, त्यावर मेण वितळवायचं, सापळा बुडवून थोडा वेळ ठेवायचा आणि हळूच वर काढायचा. पातळ थर बसला की सापळा गंजत नाही आणि झटकन मिटतो. मेणासाठी फ्राऊ आइग्नरांनी चर्चमधल्या जळून उरलेल्या मेणबत्त्या दिल्या.

आता दोन पदार्थविज्ञानवाले एका कढईपाशी! संस्थेतून थर्मामीटर आला. सापळा किती वेळ बुडवावा यावर दोघांचे मतभेद झाले. कागदावर आलेख निघाला. तासाभरात एकही सापळा बुडला नाही. शेवटी आइग्नरांनी कुबडीच्या टोकाला एक सापळा अडकवला, बुडवला, जरा थांबले आणि वर काढला. आरशासारखा समान थर!

"किती अंशाला?" नाडकर्णींनी वही पुढे केली.

"लोखंड पाण्याइतकं गरम झालं की."

"बरं, पण ते कळतं कसं?"

आइग्नर कढईपासून निघालेच होते. मागे वळून म्हणाले, "थंड असतं तेव्हा ते तसं नसतं."

नाडकर्णींनी ते वहीत लिहून घेतलं!

* * *

मेण बसल्यावर सापळ्याला उघडा हात लावायचा नाही. माणसाचा वास लागतो. यांना खास हातमोजे दिले होते. आइग्नर रोज संध्याकाळी खुर्चीत बसून एकेक सापळा नाकाशी धरून तपासत.

पहिल्या दिवशी त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "बटाटे."

दुसऱ्या दिवशी, "कोबी. त्यात ते पिवळं."

तिसऱ्या दिवशी बराच वेळ हुंगून म्हणाले, "हे काय होतं? हे चांगलं होतं."

"वांग्याचं भरीत," मी म्हटलं.

हे ते हातमोजे आमच्या चुलीवरच्या दोरीला वाळत घालायचे, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझी रोजची हिंगाची फोडणी थेट हातमोज्यांत! नाडकर्णी म्हणाले, "बरं झालं. आता जेवायला काय आहे ते बघायला तुमच्याकडे डोकवायला नको. खालीच सापळा हुंगला की झालं."

हातमोज्यांची रवानगी गोठ्यात, स्प्रूसच्या, म्हणजे देवदारासारख्या झाडाच्या, पानांनी भरलेल्या पोत्यात झाली. भरिताचं ताट मात्र त्या दिवसापासून खाली जाऊ लागलं.

* * *

सापळा मिटतो का, हे काठीने दाबून बघायचं असतं. एका दुपारी यांना काठी सापडली नाही, म्हणून यांनी माझं लाटणं घेतलं. सापळा उत्तम मिटला. त्या रात्रीपासून आमच्या पोळ्यांवर दातांची नक्षी उमटते. नवं लाटणं घेऊ म्हणून हे दर वर्षी म्हणतात. मीच घेऊ देत नाही.

* * *

आणि मग खंडेनवमी आली. माझ्या माहेरी त्या दिवशी विळीपासून सायकलच्या पंपापर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते. मी यांची आकडेमोडीची स्लाइड रूल मांडली, नाडकर्णींचा थर्मामीटर मांडला. सापळ्यांना कसं वगळायचं? महिनाभर घर त्यांच्यासाठी राबत होतं. पहिल्याला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडू नव्हता म्हणून डेलियाचं फूल ठेवलं. दुसऱ्याकडे हात नेते तोच हे ओरडले, "अगं, हात! उघडा हात!"

अकरा वाचले. तो एक घेऊन आम्ही गुन्हेगारासारखे आइग्नरांपुढे उभे राहिलो. यांनी समजावलं, की आमच्याकडे वर्षातून एक दिवस अवजारांचे आभार मानतात.

आइग्नरांनी सापळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आभार काम झाल्यावर मानतात," ते म्हणाले. "हा वाया गेला. लावायचाच असेल तर पुलाखाली लावा. तिथे तीस वर्षांत काही आलेलं नाही."

सगळे सापळे ओढ्यात लागले, तो एक पुलाखाली. ऑक्टोबरच्या शेवटच्या सकाळी समितीचे प्रमुख आले. हिरवी टोपी, हातात वही. आइग्नर कुबड्यांवर ओढ्यापर्यंत आले. पडल्यापासून इतकं चालायची त्यांची पहिलीच वेळ. पहिला सापळा रिकामा. दुसरा रिकामा. पाचव्याला फ्राऊ आइग्नरांनी माझा हात धरला. अकरावाही रिकामा! हे पांढरे पडले होते. प्रमुखांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "वाईट वाटतं, आइग्नर. तीस वर्षं म्हणजे..."

"अजून एक आहे," हे म्हणाले.

"तो राहू द्या," आइग्नर पुटपुटले.

पण नाडकर्णी पुलाखाली वाकलेच होते. तिथून चक्क मराठीत आरोळी आली, "वहिनी! आहे! चांगला मांजराएवढा आहे!"

सगळे धावले. प्रमुखांनी बीझाम बघितला, सापळा बघितला, मग चष्मा लावून अजून जवळून बघितला. मेणात घट्ट बसलेलं कुंकू आठ-दहा दिवस पाण्यात राहूनही गेलं नव्हतं.

"हे लाल काय आहे?"

आइग्नरांनी घसा साफ केला.

"ते? ते आम्ही लावतो."

"कशासाठी?"

"हेर प्रमुख," आइग्नर कुबड्यांवर ताठ उभे राहून म्हणाले, "धंद्यातलं सगळंच समितीला सांगायचं नसतं."

प्रमुखांनी टोपण काढलं आणि वहीत आइग्नरांचं नाव लिहिलं. घरी परत येईपर्यंत म्हातारा त्या लाल रंगाबद्दल एक अक्षर बोलला नाही. नंतर वर्षभरातही नाही.

* * *

पुढच्या वर्षी आइग्नर काठी टेकून चालायला लागले होते. सप्टेंबरात त्यांनी यांना सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचा तो दिवस यंदा कधी?" यांनी सांगितलं. खालच्या स्वयंपाकघरातल्या चर्चच्या कॅलेंडरवर दोन संतांच्या दिवसांच्या मध्ये पेन्सिलीची एक फुली उमटली.

त्या सकाळी मी पाट मांडत होते. जिन्यात काठीचा आवाज आला, त्यामागून काहीतरी जड वर आणल्याची खडखड. दार उघडलं. आइग्नर होते, चर्चला जायच्या काळ्या कोटात. मागे हे आणि नाडकर्णी धापा टाकत उभे, दोघांच्या मध्ये लाकडी पेटी, तिच्यावर फ्राऊ आइग्नरांचा लेसचा चांगला टेबलक्लॉथ. म्हाताऱ्याने तो बाजूला केला. आत बारा सापळे. अक्रोडाच्या रंगाचे, मेण चढवलेले, कुठे चमक नाही.

त्यांनी टोपी काढली. मग कोटाच्या खिशातून स्प्रूसचा वास येणारे हातमोजे काढून माझ्या हातात दिले.

"सगळ्यांना लावा," ते म्हणाले. "पण हे घालून!"